पासबुक मुलाचं, कर कोणाचा?

सिंधुदुर्गात लहान मुलांच्या हातात पैसे येण्याचा मोसम ठरलेला आहे. चवथीला मुंबईहून चाकरमानी येतात. आरत्या होतात, काळ्या वाटाण्याची आमटी होते, आणि परतीची पिशवी भरता भरता काका-मामा पोरांच्या मुठीत नोट कोंबतात. "काय रे झिला, खर्चू नको हां, बँकेत ठेय." पोर मान हलवतं आणि नोट आईकडे जाते. अलीकडे नोटही येत नाही, आईच्या मोबाइलवर पैसे येतात आणि दोन दिवसांत गॅस-किराण्यात विरघळतात. चवथीचे पैसे चवथीतच संपू नयेत म्हणून मुलाच्या नावाचं खातं हवं. त्यापलीकडे आर्थिक कारण शोधायची गरज नाही.

तरी लोक शोधतात. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या बाजारात कुठल्याही कर सल्लागाराकडे मार्च महिन्यात बसा. "पाच लाख मुलाच्या नावावर टाकतो, म्हणजे व्याजावर कर नको," असं सांगणारा एक तरी गृहस्थ येतोच. बँकेतल्या कोणी, नाहीतर मेव्हण्याने त्याला तसं सांगितलेलं असतं. हा सल्ला खोटा नाही, तो शिळा आहे. पैसे आईवडिलांनी दिलेले नसतील तर १९९२ पर्यंत तो बराचसा खरा होता.

त्याआधी मामाने भाच्याला दिलेल्या रकमेचं व्याज भाच्याचंच उत्पन्न धरलं जाई. भाचा पाळण्यात असला तरी त्याच्या नावाची करमुक्त मर्यादा वेगळी. मुंबईतल्या पैसेवाल्या घरांनी याचा पुरेपूर फायदा घेतला, जितकी मुलं तितक्या फायली. करसुधारणांसाठी नेमलेल्या राजा चेलय्या समितीने या वाटेवर बोट ठेवलं. १९९२ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ६४(१अ) घातलं आणि १९९३-९४ च्या आकारणी वर्षापासून अज्ञान मुलाचं उत्पन्न आई किंवा वडील, ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांच्या उत्पन्नात मिळवायचा नियम आला. सल्लागार याला 'क्लबिंग' म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. कलमांचे आकडे फिरले, तत्त्व तेच राहिलं.

'ज्यांचं उत्पन्न जास्त' हे तीन शब्द आमच्याकडे गंमत करतात. वडिलांची होडी, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अशी घरं किनाऱ्यावर आहेत. होडीचं उत्पन्न मासळीवर आणि वाऱ्यावर, आईचा पगार मात्र फॉर्म १६ वर छापलेला. खात्यावर पालक म्हणून वडिलांची सही, पैसे आजोबांचे, नाव मुलाचं आणि व्याज मिळवायचं आईच्या उत्पन्नात. सही कोणाची हे आयकर बघत नाही. एकदा एका पालकाच्या उत्पन्नात मिळवायला सुरुवात झाली की पुढच्या वर्षी दुसऱ्याची कमाई वाढली म्हणून आपोआप तिकडे ढकलता येत नाही, अधिकाऱ्याला तसं वाटावं लागतं. आईवडील विभक्त झाले असतील तर जो मुलाला सांभाळतो त्याच्याकडे.

पैसे कोणी दिले हेही आपला कायदा विचारत नाही, आणि इथे माझा त्याच्याशी वाद आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना वेगळा नियम माहीत असतो. तिथे आईने किंवा वडिलांनी दिलेल्या पैशांवर मुलाला वर्षाला १०० पौंडांपेक्षा जास्त व्याज मिळालं तर ते त्या पालकाचं उत्पन्न धरतात, पण आजी-आजोबांनी किंवा मावशीने दिलेल्या पैशांचं व्याज मुलाचंच राहतं. कर चुकवायला पैसे फिरवतो तो पालक, आजी नव्हे, एवढी जाण त्यात आहे. आपण सरसकट जाळं टाकलं. तारकर्लीच्या आजीने निवृत्तिवेतनातून साठवून नातीच्या नावावर लाख रुपये ठेवले तरी त्याचं व्याज जावयाच्या किंवा लेकीच्या विवरणपत्रात. देणगी म्हणून त्या लाखाला काहीच बाध नाही. आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या हे सगळे कायद्याने नातेवाईक आहेत, त्यांच्याकडून कितीही घेतलं तरी मुद्दल करमुक्त. अडकतं ते व्याज.

सुरुवातीलाच सरकारने एक चिल्लर सवलत ठेवली होती. मिळवलेल्या उत्पन्नातून प्रत्येक मुलामागे १,५०० रुपये वगळायचे. साधारण करदात्याची करमुक्त मर्यादा तेव्हा तीस हजारांच्या आसपास होती, त्या मानाने १,५०० म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हतं. पण त्यानंतर तीन दशकं उलटली, करमुक्त मर्यादा लाखांत गेली आणि हा आकडा जागचा हलला नाही. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीवर १,५०० व्याज यायला तेवीस हजारांची ठेव पुरते. त्यावर कडी म्हणजे नव्या करव्यवस्थेत ही सवलत मुळातच नाही. ती काढली तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही, कारण ती आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. मुलांना बचतीची सवय लावा म्हणून भाषणं करणाऱ्या सरकारला महागाईच्या हिशेबाने हा आकडा वाढवता आला असता.

आता याचा दुसरा पैलू. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत या सगळ्याने एक रुपयाचाही फरक पडत नाही. नव्या व्यवस्थेत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे पावणेतेरा लाखांपर्यंत. होडीवाला, निवास-न्याहारी चालवणारं कुटुंब, अंगणवाडी सेविका, बाजारातला छोटा दुकानदार यांच्या उत्पन्नात मुलाचं दोन हजार व्याज मिळवा नाहीतर वीस हजार, कर शून्यच. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरलं तर १,५०० रुपये मिळायला साठ हजारांची शिल्लक लागते. चवथीच्या नोटांनी साठ हजार व्हायला पोराला बरेच मामा हवेत.

फटका बसतो तो बरोबर सीमेवर उभ्या असलेल्यांना, आणि तो चमत्कारिक असतो. समजा आई वरिष्ठ शिक्षिका आहे, पगार १२ लाख ७५ हजार. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न बरोबर १२ लाख, कर शून्य. आता आजोबांनी मुलाच्या नावावर ठेवलेल्या तीन लाखांच्या ठेवीचं वीस हजार व्याज तिच्यात मिळवलं. उत्पन्न १२ लाख २० हजार. दरांप्रमाणे कर होतो ६३ हजार. कायदा दया दाखवतो आणि म्हणतो, बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच कर घेऊ, म्हणजे २० हजार. त्यावर ४ टक्के उपकर, ८०० रुपये. नातवाला व्याज मिळालं वीस हजार, आईने कर भरला वीस हजार आठशे. यात घोटाळा नाही, कारकुनाची चूक नाही, नियमाप्रमाणे हिशेब केला की हेच उत्तर येतं.

याच आजोबांनी ती ठेव स्वतःच्या नावावर ठेवून नातवाला नॉमिनी म्हणून नेमलं असतं तर? ज्येष्ठ नागरिक म्हणून बँकेने थोडा जास्त दर दिला असता, आणि त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तर कर लागला नसता. किंवा पैसे त्यांनी थेट आपल्या होडीवाल्या मुलाला दिले असते तरी व्याज त्याचं, त्याच्याच हिशेबात. बायकोने नवऱ्याला दिले तर मात्र पुन्हा बायकोकडेच फिरून येतं, तिथे कायदा जागा आहे. करापुरतं बोलायचं तर मुलाचं नाव ही आज बहुतेकदा सगळ्यात वाईट जागा आहे. ज्याला मुलासाठी पैसे ठेवायचे त्याने जरूर ठेवावेत, पण कर वाचवायला म्हणून ठेवू नयेत.

मोठी रक्कम मुलाच्याच नावावर हवी असेल तर जिथे व्याजच करमुक्त आहे अशा जागा मोजक्या. मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी. जानेवारी २०१५ मध्ये आलेली ही योजना दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी, एका घरात साधारणपणे दोन मुलींपर्यंत. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, भरणा १५ वर्षं, मुदत २१ वर्षं. जानेवारी २०२४ पासून व्याज ८.२ टक्के झालं आणि ते पूर्ण करमुक्त, नव्या व्यवस्थेतही. अठरा झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. आमच्याकडे एक अडचण वारंवार दिसते. आईवडील मुंबईला, नात गावी आजीकडे, म्हणून आजीनेच पोस्टात खातं उघडलेलं. अशी खाती आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावे वर्ग करा, असं अर्थ मंत्रालयाने २०२४ मध्ये कळवलं आहे. ज्यांनी केलं नाही त्यांनी पुढच्या मे महिन्यात सगळे गावी असताना पोस्टाची पायरी चढावी.

मुलग्यासाठी पीपीएफ आहे. १९६८ पासूनची योजना, व्याज करमुक्त. पण पालकाचं आणि मुलाचं मिळून वर्षाला दीड लाखांचीच मर्यादा, हे खातं उघडताना पुष्कळांना कोणी सांगत नाही. शिवाय पोस्टाच्या साध्या बचत खात्याच्या व्याजाला वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत जुनी करमाफी आहे आणि ती नव्या व्यवस्थेतही टिकली आहे. चार टक्क्यांनी हिशेब केला तर ८७,५०० रुपयांच्या शिलकीवरचं व्याज त्यात बसतं. मनीऑर्डरीवर जगलेल्या कोकणाला पोस्टाचं महत्त्व वेगळं सांगायला नको, तरी खासगी बँकेच्या रंगीत 'किड्स' खात्यापुढे लोक त्याला विसरतात.

मुलाच्या नावावर पैसा येण्याची आणखी एक वाट सातबाऱ्यातून जाते. सामाईक जमिनीच्या उताऱ्यावर नावांची रांग, आणि मध्येच एखाद्या नावापुढे 'अ.पा.क.', अज्ञान पालन कर्ता. बाप अकाली गेला की मुलांची नावं अशी चढतात. काजू-आंब्याचं शेतीउत्पन्न करमुक्त असलं तरी मुलाचा हिस्सा पालकाच्या शेतीउत्पन्नात धरला जातो आणि इतर उत्पन्नाचा दर ठरवताना मोजला जातो. जमीन विकायची झाली तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञानाच्या मालमत्तेला न्यायालयाची परवानगी लागते, आणि न्यायालय पुष्कळदा अज्ञानाचा हिस्सा तो सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत अडकवतं. रस्ता, रेल्वे, विमानतळ यांसाठी जमिनी गेल्या तिथेही हिस्सेदारांत मुलं होती. अशा ठेवीला आई हात लावू शकत नाही, पण तिचं व्याज मात्र आईच्या उत्पन्नात धरलं जातं. बाप नसलेल्या घरात 'जास्त उत्पन्न कोणाचं' हा प्रश्नच उरत नाही.

या जाळ्याला भोकं दोन. मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने कमावलेलं उत्पन्न त्याचंच राहतं. सतरा वर्षांच्या मुलाने रापणीच्या दोराला हात लावून घेतलेला वाटा, एखाद्या मुलीचं गाण्याचं मानधन, मालिकेतलं काम. मालिका इथे नवलाची राहिलेली नाही, 'रात्रीस खेळ चाले'चं चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत झालं होतं. बालकलाकाराच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी, असं बालकामगारविषयक नियमांत २०१७ पासून आहे. पण मानधन मुलाचं राहिलं तरी त्या ठेवीवरचं व्याज पुन्हा पालकाकडे वळतं, कारण व्याज ही कला नाही! दुसरी सूट प्रमाणपत्रधारक अपंग मुलांना. त्यांचं कुठलंही उत्पन्न पालकात मिळवायचं नाही. ज्या घरात असं मूल आहे तिथे त्याच्या नावावर ठेव ठेवणं कराच्या दृष्टीनेही शहाणपणाचं, आणि हे सांगणारा बँकेत भेटेलच असं नाही.

ज्यांना आई आणि वडील दोघंही नाहीत, त्यांचं उत्पन्न कोणात मिळवणार? कोणातच नाही. काका किंवा आजी पालक म्हणून नेमलेले असले तरी ते या कलमातले पालक नव्हेत. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. तिच्या व्याजाचा मालक ते मूलच, आणि व्याज करमुक्त मर्यादेच्या खूप खाली म्हणून कर नाही. एक पालक हयात असलेल्या मुलाला हे लागू नाही.

वर खात्यावरच्या पालकाच्या सहीचा उल्लेख आला, त्यावरून आठवलं. कोकणातला पुरुष मुंबईला, आखातात नाहीतर बोटीवर, आणि बाई गावात, हे चित्र शंभर वर्षांचं. तरी मुलाच्या खात्यासाठी "वडिलांना घेऊन या" हे वाक्य बायकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलं. आईला पालक धरून अज्ञानाचं खातं उघडायला रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच मुभा दिली होती. पण रिझर्व्ह बँकेच्याच रोख्यांसाठी मुलाच्या वतीने अर्ज करणाऱ्या गीता हरिहरन यांच्याकडे वडिलांची सही मागितली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हा निकाल १९९९ मधला. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने आईचा उल्लेख पुन्हा केला, यावरून काउंटरपर्यंत गोष्ट पोचायला किती वेळ लागतो ते कळावं.

त्याच परिपत्रकाप्रमाणे दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीने बचत किंवा मुदत ठेव खातं उघडू आणि चालवू शकतं. मर्यादा प्रत्येक बँक ठरवते, आणि खातं उणे होऊ द्यायचं नाही. माझ्या मते करापेक्षा ही बाब मोलाची. पूर्वी शाळाशाळांत 'संचयिका' असे. मुलंच मॅनेजर, मुलंच कॅशियर, आठवड्याला चार आणे-आठ आणे भरायचे, वहीत नोंद, आणि १५ सप्टेंबरला संचयिका दिन. व्याज म्हणजे काय हे तिथे कळे, कारण वही आपल्याच हाताने लिहिलेली. आता पाचवीतल्या मुलाचं खातं शिष्यवृत्तीसाठी निघतं, पासबुक आईच्या कपाटात जातं आणि वर्षाकाठी कोणी ते छापूनही आणत नाही. शिष्यवृत्तीच्या अशा शून्य शिलकीच्या खात्यांना व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून सांगितलं आहे. तरी पासबुक मुलाच्या हातात द्यायचं काम रिझर्व्ह बँक करणार नाही.

बाजारातला पिग्मीवाला मात्र अजून नेमाने येतो. पिग्मीची कल्पना उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये काढली, ती आमच्या पतसंस्थांनी अंगवळणी पाडून घेतली. मासळीबाजारातली बाई स्वतःचे पन्नास भरते आणि "ह्ये चेडवाच्या नावार" म्हणून आणखी वीस देते. पतसंस्थेत बँकेपेक्षा एखाद-दोन टक्के जास्त मिळतात आणि माणूस ओळखीचा असतो. पण बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, आणि पालक म्हणून मुलाच्या नावे असलेली ठेव स्वतःच्या ठेवीपासून वेगळी मोजली जाते. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. मुलीच्या लग्ना-शिक्षणाचे पैसे तिथे ठेवणाऱ्याने दर बघण्याआधी ताळेबंद बघावा. टीडीएसचा गैरसमजही इथेच जास्त. सहकारी संस्था सभासदाच्या व्याजातून सहसा टीडीएस कापत नाही, बँक वर्षाला पन्नास हजारांपर्यंत कापत नाही. न कापलेला कर म्हणजे माफ झालेला कर नव्हे. आणि मुलाच्या पॅनवर कापला गेला असेल तर त्याचं श्रेय उत्पन्न ज्याच्यात मिळवलं त्या पालकाला मिळतं, पण तसं निवेदन बँकेला आधी द्यावं लागतं. ते बहुतेक कोणी देत नाही आणि मग परतावा अडकला म्हणून लोक खेपा घालतात.

अठरावा वाढदिवस वर्षाच्या मध्ये आला तर त्या दिवसापर्यंतचं व्याज पालकाचं, पुढचं मुलाचं स्वतःचं. तिथून त्याची स्वतंत्र करमुक्त मर्यादा सुरू होते, म्हणजे बहुतेकांचा प्रश्नच मिटतो. बँकेत मात्र त्याच दिवशी नवा प्रश्न उभा राहतो. पालकाची सही चालेनाशी होते, मुलाची नमुना सही आणि नवी केवायसी होईपर्यंत व्यवहार थांबतात. लहानपणी काढलेल्या पॅनकार्डावर फोटोही नसतो आणि सहीही नसते, तेही बदलून घ्यावं लागतं. बारावीची बरीच मुलं निकालाच्या सुमारास अठरा पुरी करतात. ओरोसला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख आणि ठेव मोडायला गेल्यावर "आधी केवायसी" हे उत्तर, हा प्रकार दर जून-जुलैत घडतो. वाढदिवसानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी आधार, नवा फोटो आणि मूल स्वतः शाखेत हजर झालं, तर प्रवेशाच्या धावपळीत ही खेप उरत नाही.